पावाच्या भट्टीतले दोन फिल्टर

तराजूने हवेतले कण अडवणाऱ्या दोन्ही फिल्टरांवरची भर जवळजवळ सारखीच दाखवली. कागदावर काम तिथेच संपत होतं: नंतरच्या वजनातून आधीचं वजन वजा करायचं, खेचलेल्या हवेने भागायचं, तक्त्यात आकडा भरायचा. पण खालून उजेड देणाऱ्या पेटीवर ठेवले तेव्हा एक फिल्टर काठापासून काठापर्यंत एकसारखा काळा होता. दुसरा करडा, आणि त्यावर खसखस सांडावी तसे पांढरे ठिपके. पहिला मुंबईतल्या एका लाकडाच्या भट्टीवर उभ्या राहणाऱ्या कामगाराचा. दुसरा त्याच बेकरीत, त्याच रात्री मैदा मळणाऱ्याचा.

जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. तेव्हापासून बेकरीचा धूर म्हटलं की बोलणं धुराड्यावर आणि आजूबाजूच्या वस्तीवर येतं. आम्ही मोजत होतो तो आतला धूर, म्हणजे आठ तास भट्टीपासून हातभर अंतरावर उभ्या माणसाच्या नाकासमोरची हवा.

त्यासाठी माणसाच्या अंगावरच पंप बांधतात. पट्ट्यात अडकवलेला, मिनिटाला १.५ लिटर हवा ओढणारा छोटा पंप, त्यातून छातीवरून वर आलेली नळी, आणि कॉलरबोनजवळ, नाकापासून ३० सेंटिमीटरच्या आत, कण चाळणारं बोटाएवढं सायक्लोन. हवा सायक्लोनमध्ये गरगर फिरते. जड कण भिंतीवर आपटून खालच्या टोपीत पडतात आणि २.५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे व त्याहून बारीक कण, म्हणजे पीएम २.५, वर ३७ मिलिमीटरच्या टेफ्लॉन फिल्टरवर जातात. ही छाननी प्रवाहावर अवलंबून असते. पंप मंदावला की फिरण्याचा जोर कमी होतो आणि मोठे कणही निसटून वर जातात. म्हणून पाळीच्या आधी आणि नंतर प्रवाह मोजायचा. ५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर नमुन्यावर शेरा, १० टक्क्यांहून जास्त पडला तर नमुना बाद, हा आमचा नियम.

१.५ लिटर गुणिले ४८० मिनिटं म्हणजे ७२० लिटर, अर्थात ०.७२ घनमीटर. एवढ्याशा हवेमुळे तराजूतली ३ मायक्रोग्रॅमची चूक घनमीटरमागे ४ मायक्रोग्रॅम होऊन बसते. त्यामुळे फिल्टर २४ तास ठरावीक तापमानात आणि दमटपणात ठेवल्याशिवाय तोलत नाहीत. टेफ्लॉनवर स्थिर वीज साचते आणि तराजूचा आकडा एका जागी थांबतच नाही. फिल्टर आधी ती वीज घालवणाऱ्या आयनायझरखालून न्यावा लागतो. आणि दर खेपेला एक कोरा फिल्टर बेकरीत नेऊन, क्षणभर उघडून, बंद करून परत आणायचा. त्याचं वजन वाढलं तर दोष हवेचा नाही, आपल्या हातांचा.

भट्टी रात्री साडेदहाच्या सुमारास पेटली. लाकूड भंगारातलं, म्हणजे मोडक्या कपाटांच्या फळ्या, जुन्या इमारतीच्या चौकटी, मधूनच प्लायचे तुकडे. स्वस्त म्हणून हेच घेतात, पण धूर म्हणून हे सर्वांत वाईट. प्लायमधला डिंक आणि फळीवरचा जुना रंगही त्याबरोबर जळतो. विटांची भट्टी तापेपर्यंत धुराड्याला ओढ नसते आणि पहिला पाऊण तास बराचसा धूर तोंडातूनच बाहेर येतो. मग निखारे बाजूला सारायचे, लांब बांबूला बांधलेल्या ओल्या पोत्याने भट्टीचा तळ पुसायचा आणि लाद्या आत सारायच्या. पोतं फिरलं की भिंतीवरच्या लेझर सेन्सरचा आकडा उसळी मारायचा. ती बव्हंशी वाफ. हा सेन्सर प्रकाश किती विखुरला ते मोजतो. समोर काजळी आहे की पाण्याचा थेंब हे त्याला कळत नाही. लाकडी भट्टी असलेल्या कुठल्याही जागी, मग गोव्यातल्या पोदेराकडेही (पाववाल्याकडेही), नुसता असा सेन्सर टांगून निष्कर्ष काढू नये.

कार्बन मोनॉक्साइडच्या यंत्राने वेगळीच गंमत केली. भट्टी पेटण्याआधीच, पीठ फुगायला ठेवलेल्या रॅकजवळ, ते आकडा दाखवू लागलं. यीस्टमुळे आंबताना अल्कोहोलची वाफ सुटते, आणि यंत्राच्या तोंडावरचा, अशा वाफा अडवणारा कोळशाचा थर जुना झाला असेल तर सेन्सर तिलाही प्रतिसाद देतो. यंत्र दाराबाहेर नेल्यावर शून्यावर आलं, रॅकजवळ नेल्यावर पुन्हा चढलं. त्या रात्री रॅकजवळचं वाचन आम्ही धरलंच नाही.

आता पांढरे ठिपके. दहापट भिंगातून पाहिल्यावर शंका उरली नाही: मैद्याचे कण, कित्येक तर पाच-पन्नास मायक्रॉनचे. सायक्लोनने ते वर जाऊच द्यायला नको होते. पंपाची नोंद पाहिली तर प्रवाह सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्थिर. टोपी उघडली तर जवळजवळ रिकामी. मैदा मळणाऱ्याच्या टोपीत आठ तासांनी चिमूटभर तरी पीठ हवंच. ते गेलं कुठे हे फिल्टरच सांगत होता.

बेकरीत उकाड्यामुळे सगळे बनियनवर असतात, म्हणून सायक्लोनही पट्ट्यालाच अडकवलेलं होतं. अडीचच्या सुमाराला चहाला बसताना मळणाऱ्याने पट्टा काढला आणि खिळ्याला टांगला. टांगला तो कमरेच्या बाजूने. सायक्लोन उलटं, टोपी वर, फिल्टर खाली. तीन तासांचं साचलेलं पीठ त्यावर घसरलं आणि चालू पंपाने ते नीट ओढून चिकटवलं. सायक्लोन उलटं करू नये हे या कामातलं पहिल्या दिवशी शिकवलं जाणारं वाक्य आहे. पाळी संपल्यावरही आधी फिल्टरची डबी सोडवायची, मगच सायक्लोन आडवं करायचं. पण आम्ही ते आमच्या माणसांना शिकवलं होतं, बेकरीतल्या नाही. त्याला एवढंच सांगितलं होतं की भिजवू नका. चूक आमची.

काळ्या-पांढऱ्याची फोड प्रकाशाने करता येईल का, असं कुणीतरी सुचवलं. ८८० नॅनोमीटरचा किरण फिल्टरमधून सोडला की काजळी तो शोषते, पीठ जवळजवळ नाही. पण काजळीचा थर जाड झाला की हे मोजमाप मंदावतं, जास्तीच्या काजळीची दखलच घेत नाही. भट्टीवाल्याचा फिल्टर त्या हद्दीपलीकडे गेलेला होता. मळणाऱ्याच्या फिल्टरवरून काजळीचा अंदाज आला, पण पीएम २.५चा आकडा काही परत मिळाला नाही. नमुना बाद.

बाद करताना मात्र दुसरीच गोष्ट टोचू लागली. पाळीच्या आधी आणि नंतर दोघांची फुंकरचाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, घेतली होती. यंत्र ३ लिटरच्या सिरिंजने तपासलेलं, नाकाला चिमटा, तासभर आधीपासून विडी बंद. किमान तीन नीट फुंकरी हव्यात आणि त्यांतल्या सर्वांत चांगल्या दोनमध्ये पहिल्या सेकंदाच्या हवेचा फरक १५० मिलिलिटरच्या आत हवा. भट्टीवाल्याचा आकडा मुळातच कमी होता आणि सकाळीही तेवढाच राहिला. मळणाऱ्याचा रात्री चांगला होता, सकाळी स्पष्ट घसरला. अर्थात पहाटे चारच्या आसपास निरोगी माणसाच्याही श्वासनलिका थोड्या आवळतात, त्यामुळे रात्रपाळीतल्या एका घसरणीवरून दमा म्हणता येत नाही. त्याला विचारलं, मुलुकला गेल्यावर कसं वाटतं? ‘उधर तो छींक भी नहीं आती.’ परत आला की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आधी शिंका, डोळ्यांना खाज, मग रात्री छातीत घरघर.

हे धुराचं दुखणं वाटत नाही, पिठाचं वाटतं. बेकरीवाल्यांचा दमा जुना आहे. इटलीतले वैद्य रामाझिनी यांनी १७००मध्येच पिठात काम करणाऱ्यांच्या खोकल्याबद्दल लिहून ठेवलंय. गव्हातली प्रथिनं आणि पाव मऊ व्हावा म्हणून पावडरीत मिसळलेलं, बुरशीपासून काढलेलं अमायलेज हे एन्झाइम, या दोन्हींविरुद्ध शरीर हळूहळू चिडतं. कधी काही महिन्यांत, कधी काही वर्षांनी. एकदा चिडलं की मग थोडंसं पीठही पुरतं. भट्टीवाल्याचं तसं नाही. तिथे बारीक काजळी फुप्फुसाच्या तळापर्यंत रोज थोडी थोडी जाते आणि श्वासाची क्षमता वर्षानुवर्षं झिजत जाते. त्यात विडी असेल तर दोन्ही मिळून.

आणि मैद्याचे बहुतेक कण २.५ मायक्रॉनहून मोठे. म्हणजे आम्ही मळणाऱ्याच्या गळ्यात जे सायक्लोन बांधलं होतं, त्याचं कामच मुळी त्याला आजारी पाडणारी गोष्ट वेगळी काढून टोपीत टाकून देणं हे होतं. पट्टा उलटा टांगला गेला नसता तर फिल्टर नीट करडा आला असता, आकडा तक्त्यात गेला असता आणि पीठ टोपीतून बेसिनमध्ये.

पिठासाठी वेगळी डबी लागते. १५ मिलिमीटरच्या गोल तोंडाची, मिनिटाला २ लिटर हवा घेणारी, नाकातोंडावाटे जाऊ शकणारे सगळे कण गोळा करणारी. तिच्यात फिल्टर एकटा तोलत नाहीत, आतल्या कप्प्यासकट तोलतात, कारण भिंतींना चिकटलेलं पीठही मोजायचं असतं. आकडा कशाशी ताडायचा हा पुढचा घोळ. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची शिफारस ८ तासांना घनमीटरमागे ०.५ मिलिग्रॅम, ब्रिटनची कायदेशीर मर्यादा १० मिलिग्रॅम. वीसपट फरक. पहिला आकडा शरीर चिडू नये म्हणून आहे, दुसरा कारखाना चालू राहावा म्हणून, असं माझं मत. आपल्याकडचे पीएम २.५चे ६० मायक्रोग्रॅम हे बाहेरच्या हवेसाठी, २४ तासांच्या सरासरीचे; बेकरीच्या आत ते लावून ‘इतक्या पट’ असे मथळे करणं चुकीचं आहे.

मालकाला आम्ही दोन वेगळे कागद दिले. एकात गॅसची किंवा विजेची भट्टी, आणि ती येईपर्यंत निदान प्लाय आणि रंगवलेलं लाकूड बंद. दुसऱ्यात बिनखर्चाच्या गोष्टी: पोतं उंचावरून ओतायचं नाही, तोंड परातीत टेकवून हळू सोडायचं, मशीनमध्ये आधी पाणी, पहिली दोन मिनिटं मंद वेग आणि वर झाकण, फळीवर पीठ भुरभुरण्याऐवजी तेलाचा हात, रिकामी पोती झटकायची नाहीत, आतल्या आत गुंडाळायची, आणि कोरडा झाडू बंद, ओलं फडकं. तोंडावर बांधलेल्या गमछाने बारीक धूर अडत नाही हेही लिहिलं. मालकाने पहिला कागद पाहून कपाळाला हात लावला, दुसरा वाचून म्हणाला, पण आता गॅस येणारच आहे ना, मग हे कशाला?

मळणाऱ्याला फुंकरीचं साधं नळीचं मीटर दिलंय. दिवसातून चार वेळा, चार आठवडे, सुटीच्या दिवशीसुद्धा. बेकरीत त्याच्या रॅकच्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, आता एक जाड हुक ठोकलाय आणि त्याखाली लाल रंगात बाण काढलाय. पट्टा तिथेच टांगायचा, बाण वर.