तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी चाळीसनं का चालवतो

“सर, गाडीत काही बिघाड आहे का?” आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी मागून येतं, माझ्या बरोबरीनं गाडी लावतं आणि चालता चालता हे विचारतं. नवीन लागलेले शिक्षक केंद्राच्या मीटिंगला विचारतात. साडूच्या मुलानं बुलेट घेतली, तो तर हसतच विचारतो, “काका, डांबर नवं, रस्ता मोकळा, समोर चिटपाखरू नाही. मग दिवस कलला की तुमचा काटा चाळीसवर का अडकतो?”

चिटपाखरू नाही, हे त्याला कोणी सांगितलं?

मी अमळनेरला राहतो. शाळा पारोळ्याच्या अंगाला एका खेड्यात, जायला २४ किलोमीटर, यायला २४. हे अपडाऊन ११ वर्षं चाललंय, गाडी तीच शंभर सीसीची, ड्रम ब्रेकची. पहिली ४ वर्षं मीसुद्धा साठ-पासष्टनं जायचो.

डिसेंबरातली गोष्ट. मीटिंग लांबली, निघायला उशीर झाला. दिवस बुडून वीसेक मिनिटं झाली असतील. आकाशात उजेड होता, रस्त्यावर नव्हता. डाव्या हाताला पुरुषभर वाढलेली दादर, उजवीकडं हरभरा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी. त्या दादरीतून एक हरणी निघाली, अगदी निवांत. मी दोन्ही ब्रेक दाबले, गाडी वीसवर आली. ती रस्ता ओलांडून हरभऱ्यात उतरली. मी मान वळवून तिच्याकडं बघत राहिलो, आणि बघता बघताच गिअर टाकून गाडी पुन्हा ओढली.

चूक नेमकी तिथं झाली. गेलेली उजवीकडं होती, येणारी डावीकडं.

दुसरी हरणी मला दिसलीच नाही. पुढच्या चाकाला बाजूनं धक्का बसला, हँडल हातातून निसटलं, आणि मी डांबरावर. वेग तीस-पस्तीसच्या वर नसावा, तरी डाव्या खांद्यात कटकन आवाज झाला. गाडी आडवी पडून चालूच होती, हेडलाईट दादरीत घुसलेला, मागचं चाक फिरतंय. आणि मी पडलो त्याच्या चार हात पुढून उरलेला कळप जायला लागला. डांबरावर खुरांचा आवाज टणक येतो, कोणी पाटीवर पेन्सिल आपटावी तसा. हलता येत नव्हतं म्हणून मी मोजलं. नऊ. शेवटचा नर होता, पिळाच्या शिंगांचा. तो रस्त्याच्या मधोमध थांबला, माझ्याकडं बघितलं आणि उडी मारून गेला. धडकलेली हरणी पुढच्या गुडघ्यांवर बसली होती. दोनदा उठायचा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा उठली आणि लंगडत हरभऱ्यात गेली. गाडी घरी आणल्यावर ब्रेकच्या पायटीला केसांचा झुबका अडकलेला सापडला, बोटभर, टोकाला तांबूस आणि मुळाशी पांढरा.

हेल्मेट होतं. थंडी होती म्हणून होतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. ऑक्टोबरात पडलो असतो तर ते टाकीवर ठेवलेलं असतं.

शेजारच्या शेतात राखणीला बसलेले नाना बॅटरी घेऊन धावत आले. मला उठवून बांधावर बसवलं, पाणी दिलं. मी पुन्हा पुन्हा म्हणत होतो, “नाना, मी थांबलो होतो हो, एक गेलं होतं ना!” तेव्हा ते म्हणाले, “गुरुजी, एक निंघनं म्हणजे मांगे आख्खं खटलं ऱ्हास.” म्हणजे एक निघालं की मागं अख्खं कुटुंब असतं.

कॉलरबोन मोडलं होतं. सहा आठवडे पट्टा.

परत शाळेत गेलो तेव्हा माझ्या बावीस पोरांना सगळी हकिगत हवी होती. जागा सांगितली, तर चौथीतला एक जण म्हणाला, “गुरुजी, तठे ते रोजच निंघतस.” रोजच? मग मला ४ वर्षांत कोणी बोललं का नाही? तर मी विचारलं नव्हतं. भूगोलाच्या तासाला मी या पोरांना नकाशावर तापी आणि बोरी दाखवत होतो, आणि माझ्या रोजच्या रस्त्याचा नकाशा त्यांच्याकडं तयार होता.

खडू त्यांच्या हातात दिला. फळ्यावर पाच जागा आल्या: जळकी डीपी, पीराचा लिंब, फरशीपूल, साड्यांचं शेत आणि वीटभट्टीमागचं बरड. साड्यांचं शेत म्हणजे जनावरं येऊ नयेत म्हणून ज्या शेताला जुन्या साड्यांचं कुंपण केलंय ते. प्रत्येक जागेपुढं पोरांनी वेळसुद्धा लिहिली, पण घड्याळाची नाही. “डेअरीवर दूध घालायला जातो तेव्हा”, “दिवे लागल्यावर”, “रातची लाईन आल्यावर”, म्हणजे शेतातल्या मोटारींना रात्रीची वीज आल्यावर. साड्यांच्या शेतापुढं एका मुलीनं मोठा गोल काढला. का, तर हरीण साड्यांना बिचकतं, कुंपणाच्या कडेकडेनं चालत जातं आणि साड्या जिथं संपतात तिथून रस्त्यावर येतं. झटका मशीनच्या, म्हणजे जनावराला विजेचा हलका झटका देणाऱ्या कुंपणाच्या तारेचंही तसंच. शेत वाचतं, पण जनावर त्या तारेच्या टोकाला निघतं. हे मला कुठल्याही रस्ता सुरक्षा सप्ताहात ऐकायला मिळालं नव्हतं.

आम्हाला वाटतं हरीण म्हणजे जंगल. यावलचं अभयारण्य १९६९ सालचं, चाळीसगावकडचं गौताळा १९८६ चं. तिकडं जाताना आपण आपोआप सावध होतो. पण आमच्या शेतातलं हे हरीण म्हणजे काळवीट, आणि काळवीट जंगलातलं जनावर नाहीच. त्याला मोकळं माळरान लागतं, लांबचं दिसावं आणि पळायला जागा असावी असं. माळ नांगरले गेले, आता ते शेतातच राहतं. (पुस्तकी हिशेबानं ते हरीणही नाही. चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळतात, काळविटाची गळत नाहीत. ते कुरंग कुळातलं. रस्त्यावर याचा काही उपयोग नाही, पण शिक्षक असल्यामुळं राहवत नाही.)

म्हणून धोका कुठं आहे हे पिकावरून कळतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात कपाशी आणि मका रस्त्याच्या अगदी कडेपर्यंत उभे असतात, त्या भिंतीतून काय बाहेर येईल ते दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हरभऱ्याचे दिवस. कोवळा हरभरा म्हणजे यांच्यासाठी शेवभाजीची पंगत. मार्चनंतर शेतं रिकामी होतात, लांबवरचं दिसायला लागतं आणि माणूस बेफिकीर होतो. पण तेव्हा तहान असते. पाटचारी किंवा शेततळं रस्त्याच्या एका बाजूला आणि कळप दुसऱ्या बाजूला असेल, तर पहाटे तो ओलांडणारच. आणि आमची सकाळची शाळा तेव्हाच सुरू होते. म्हणजे वर्षातला सगळ्यात दगाबाज महिना मला तरी एप्रिल वाटतो, सव्वासहाची वेळ, सूर्य समोरून डोळ्यात.

राखणीचंही लक्षात ठेवावं लागतं. रात्री शेतातून फटाका वाजला, कोणी डबा बडवला, “हाऽऽ हुर्रऽऽ” ऐकू आलं, की मी लगेच गाडी पंचवीसवर आणतो. जनावर चरत असतं तेव्हा सावकाश येतं. हाकललेलं असेल तर न बघता येतं, आणि काळवीट जिवावर बेतलं की ताशी ८० च्या आसपास पळतं. त्यात त्याची एक खोड आहे. ते तुमच्या गाडीला समांतर धावायला लागतं, तुम्हाला वाटतं चला, हे आपल्या बाजूनंच जाणार. आणि मग एकदम पुढून आडवं कापून पलीकडं जातं. तेव्हा शर्यत लावायची नाही. ॲक्सिलेटर सोडायचा, त्याला पुढं जाऊ द्यायचं.

आता चाळीसचा हिशेब. हा मी पोरांसोबत शाळेच्या पटांगणात केला. साठचा वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. टेप लावून मोजलं तर ते अंतर आमच्या व्हरांड्यापासून हापशापर्यंत भरलं. दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातोच, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच हापसा आला. पुढं गाडी थांबेपर्यंत माझ्या ड्रम ब्रेकला २५-२८ मीटर लागतात. एकूण ४५ धरा. चाळीसला हेच सगळं २४ मीटरच्या आसपास संपतं. आणि रात्री पटांगणातच गाडी उभी करून बघितलं, माझा डिपर, म्हणजे हेडलाईटचा खाली पडणारा झोत, तीसेक मीटरच्या पुढं कामाचं काही दाखवत नाही. म्हणजे साठनं जाताना मी रोज पंधरा मीटर आंधळा जात होतो. पोरांनी विचारलं, मग पन्नास? पन्नासला ३३ येतात. राहिलं चाळीस. बुलेटवाल्यानं आपला उजेड आणि आपले ब्रेक मोजावेत, त्याचा आकडा वेगळा येईल. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस आलं, ते चांगलंच आहे, पण त्यानं चाक लॉक होत नाही इतकंच. दादरीतून निघणारं हरीण काही तीस मीटरवर थांबून वाट बघत नाही. ते पाच मीटरवर निघालं तर चाळीसलाही धडक आहेच. फक्त साठच्या मानानं ती निम्म्याहून कमी बसते.

आणि कट मारू नका. आमच्याकडं कट मारणं ही मर्दुमकी आहे, म्हशीला कट, ट्रॉलीला कट. म्हैस कुठं जाणार हे ठरलेलं असतं, हरणाचं हरणालाही ठाऊक नसतं. तुम्ही उजवीकडं कापता, ते उजवीकडंच परत फिरतं, आणि साईडपट्टीच्या मुरमावर चाक गेलं की हरीण लागलं नाही तरी तुम्ही पडलातच. हँडल सरळ, दोन्ही ब्रेक, बस. हॉर्नचं विचाराल तर लांबून वाजवला तर ठीक, जवळ आल्यावर वाजवला तर ते कुठंही उधळतं. ते पांढरे झगझगीत एलईडी बसवलेल्यांबद्दल मी काही बोलत नाही. समोरून येणाऱ्या माझ्यासारख्याला त्यांच्यामुळं हरीण तर सोडाच, रस्ताही दिसत नाही.

सासरवाडी चोपड्याकडं, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिकडं नीलगाय, रोही म्हणतात तिला. तिथं मी चाळीसनंही जात नाही. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोच्या पुढं भरतो, माझ्या गाडीच्या जवळपास दुप्पट. पाय लांब, धड नेमकं मोटारसायकलवाल्याच्या छातीच्या उंचीला. डोळे चमकले तर गाडीच्या दिव्यापेक्षा वर चमकतात, त्यावरून कुत्रं-बकरी नाही एवढं कळतं. पण तिनं तोंड फिरवलेलं असेल तर काहीच चमकत नाही, आणि मादीचा रंग वाळल्या गवताचा. एक खूण मात्र हमखास. नीलगायी एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतात, ढीग साचतो. रस्त्याच्या कडेला दिवसा असा ढीग दिसला, की त्या जागेला रात्री हळू.

मेहुणा रात्रपाळीची लाईन आली की मोटार चालू करायला याच रस्त्यानं जातो, बारा-एकला, स्वेटरवर मफलर, हेल्मेट नाही. त्याला सांगून थकलो. तो म्हणतो, हरणापेक्षा मला बिनलाईटच्या ट्रॉल्यांची भीती. खरं सांगायचं तर त्याचं तेही चूक नाही.

जनावर जखमी होऊन पडलं तर वनखात्याचा १९२६ हा नंबर लावायचा. जवळ गर्दी करायची नाही, धडपडून ते स्वतःलाच जास्त लावून घेतं. आणि मेलेलं असेल तर “कशाला वाया घालवता” म्हणणारा एक जण तिथं उगवतोच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, एवढं त्याला शांतपणे सांगायचं.

परवा फरशीपुलाजवळ एक निघालं. मी गाडी थांबवून पाय टेकले आणि डावीकडं बघत बसलो. मागं जीप येऊन थांबली, हॉर्न, परत हॉर्न. दुसरं आलं, तिसरं आलं, मग बराच वेळ काहीच नाही. जीपवाला बाजूनं काढायला लागला तसा मी हात आडवा धरला. चौथं पिल्लू होतं. जीपवाल्यानं जाताना मला जे काही म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

फळ्यावरचा तो नकाशा मी कार्डशीटवर उतरवून वर्गात लावलाय, पण आता तो जुना झाला. पीराच्या लिंबापाशी झटका मशीन बसलं, वीटभट्टी बंद पडली, साड्यांच्या शेतात यंदा केळी लावली. तो काढणारी पोरं केव्हाच तालुक्याला हायस्कूलला गेली. जूनमध्ये शाळा उघडली की नव्या चौथीच्या हातात खडू द्यायचाय.