खतखते, दुसऱ्यांदा

यंदा चवथीला आई पुण्याला, बहिणीच्या बाळंतपणात. फोंड्याच्या घरी स्वयंपाकघर आमच्या ताब्यात आले. पातोळ्या काकू करणार होती, नेवऱ्या विकत आणायच्या ठरल्या, आणि खतखते, म्हणजे कंद आणि भाज्यांची रसभाजी, मी करतो असे मीच बोलून बसलो. कांदा-लसूण नाही, फोडणी नाही. भाज्या शिजवायच्या आणि वाटप घालायचे, त्यात चुकणार काय?

आधीच्या रविवारी करून बघितले. बाजारात माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाभाज्यांच्या, सामानाची झुंबड. तिच्यातूनच सुरण, माडी, काटेकणगां, चिर्के हे कंद, शेंगा, मक्याची कणसे, मुळा आणि दुदीची एक फोड घेतली. (आमच्याकडे दुदी म्हणजे लाल भोपळा. पुण्याच्या भावोजींना हे अजून पटलेले नाही.) हिरव्या तिरफळांचा घोसही मिळाला.

सुरण धुऊन ओल्या हातांनीच चिरला आणि पाच मिनिटांत मनगटापर्यंत खाज सुटली. आईला फोन केला. "हाताला खोबरेल लावलं नाहीस? सोलां चोळ आता." सोलां म्हणजे आमसुले. चोळली, तेव्हा जरा उतार पडला. सोलां हाताशीच होती, म्हणून चार पातेल्यातही टाकली. हीच मोठी चूक. आंबट पडले की कंद लवकर शिजत नाहीत. पाऊण तास झाला तरी सुरणात सुरी जाईना, आणि दुदीचा मात्र कधीच लगदा.

त्याहून वाईट म्हणजे तिरफळे. खोबरे, ब्याडगी मिरच्या, हळद यांच्याबरोबर तीही मिक्सरला लावली, आतल्या काळ्या बियांसकट. पहिला घास कडू झार. तिरफळ हे सिचुआन मिरीच्या कुळातले. वास आणि जिभेला येणारी ती झिणझिण सालात असते, बी काढून टाकायचे. बांगड्याच्या हुमणात आई ती अख्खीच टाकते आणि आम्ही ताटाच्या कडेला काढून ठेवतो, त्यामुळे आत काय असते ते मी कधी बघितलेच नव्हते.

त्या रात्री आईने फोनवर सगळे परत म्हणून दाखवले, आणि मी ते कॅलेंडरच्या मागे लिहून घेतले.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी मग तसेच केले. वाटीभर तूरडाळ वेगळी मऊ शिजवली. पातेल्यात आधी सुरण, माडी, काटेकणगां, चिर्के आणि कणसाचे तुकडे. ते अर्धे शिजल्यावर शेंगा आणि मुळा, अगदी शेवटी दुदी. सुरणात सुरी सहज गेली तेव्हाच डाळ आणि वाटप घातले. वाटपाला अर्धा नारळ, सहा मिरच्या, हळद. मग लिंबाएवढा गूळ, चार सोलां, मीठ. दहाबारा तिरफळे बिया काढून पाट्यावर नुसती चेचली, वाटीभर पाण्यात कुस्करली आणि ते पाणी सालांसकट वर ओतले. जाड रस खतखत, खतखत उडू लागला, नाव उगाच पडलेले नाही. दोन उकळ्यांनंतर गॅस बंद, चमचाभर कच्चे खोबरेल, आणि वर झाकण. अर्धा तास उघडायचे नाही, अशी आईची ताकीद होती. मी दोनदा उघडले.

काकूने दोनदा वाढून घेतले आणि काही बोलली नाही. आमच्याकडे ही पावती समजतात. खरे खतखते मला दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाले, रस आटून सुरणाला चिकटलेला, बरोबर पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, गरम उंडे. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. पातेले कॅमेऱ्यासमोर धरले.

"दुदी दिसत नाही?"

"रसात आहे."

"म्हणजे परत आधी घातलीस."

घातली नव्हती, पण वाद घातला नाही. आणखी एक उंडा घेतला.