तिसरा मजला, उजवीकडे

रात्री साडेअकराला आई रस्त्यातल्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "हॉटेल का नाही केलंस?"

उत्तर होतं माझ्याकडे, पण ती वेळ नव्हती. लिस्बनच्या मोरारिया या जुन्या वस्तीतला एक चढणीचा बोळ. लोखंडी कठड्याला कुलपांसारख्या सहा-सात डब्या लटकलेल्या, त्यांतल्या एकीत आमच्या घराची चावी. मालकानं मेसेजमध्ये चार आकडे आणि 'काळी डबी' एवढंच कळवलं होतं. काळ्या पाच होत्या. मोबाइलच्या उजेडात एकेक डबी फिरवून बघताना अगदी चोर असल्यासारखं वाटत होतं. चौथी उघडली.

पुढे जिना. लाकडी, उभा, एका वेळी एकच माणूस चढेल एवढा. तिथला दिवा थोड्या वेळानं आपोआप विझतो, हे दुसऱ्या मजल्याच्या अलीकडे कळलं. अंधारात माझ्या हातून बॅग सुटली आणि धडधडत पहिल्या मजल्यावर जाऊन थांबली. तिथलं दार उघडलं. गाउनवर शाल घेतलेल्या एक आजी. आता बोलणी खाणार, असं वाटलं. त्यांनी हात लांबवून दिव्याचं बटण दाबलं, वर बोट करून 'तेर्सैरु दिरैतु?' म्हणजे 'तिसरा, उजवीकडे?' एवढं विचारलं आणि दार लावून घेतलं. हे त्यांच्या रोजच्यातलं असावं.

हॉटेल न घेण्याचं कारण साधं होतं. नऊ रात्री, आणि आईला तिसऱ्या दिवसापासून वरणभात लागतो. शिवाय जूनमध्ये हॉटेलांचे दर परवडण्यातले नव्हते. अर्थात घरात राहिलं तरी पालिकेचा पर्यटक-कर चुकत नाही. माणशी रात्रीला ४ युरो, जास्तीत जास्त सात रात्री. दोघींचे ५६ युरो. आईनं मनातल्या मनात शंभरनं गुणलं आणि गप्प राहिली.

घर फोटोत होतं तसंच होतं. पांढऱ्या भिंती, सार्डिन माशांच्या चित्रांच्या उशा, एका कोपऱ्यात जुन्या निळ्या टाइल्सचा तुकडा मुद्दाम तसाच ठेवलेला. कॉफीची किटली होती, वाइनचे सहा ग्लास होते, बूच काढायचे स्क्रू दोन. बादली मात्र नव्हती.

शॉवरखाली उभं राहून केलेल्या आंघोळीला आई आंघोळ मानत नाही. सकाळी मी झोपेत असताना ती खाली गेली, पहिल्या मजल्यावरच्या आजींचं दार वाजवलं आणि सरळ मराठीत म्हणाली, "बादली आहे का हो?" पाच मिनिटांनी लाल प्लास्टिकची बादली घेऊन परत आली. "कळलं त्यांना," म्हणाली. कळणारच होतं. पोर्तुगीजमध्ये बादलीला 'बाल्द'च म्हणतात. चावी 'शाव'. हे शब्द आपल्याकडे कुठून आले ते मी पुस्तकात वाचलं होतं, आईनं वापरून दाखवलं.

त्याच जिन्यावरून दिवसाउजेडी वरपर्यंत जाऊन मी दारं मोजली. दुसऱ्या मजल्यावर दोन्ही दारांशी 'एएल' अशी अक्षरं असलेली पारदर्शक पाटी. तिसऱ्यावर दोन्ही. चौथ्यावर एक, दुसऱ्या दाराला कुलूप. एएल म्हणजे 'अलोझामेंतु लोकाल', पाहुण्यांना थोड्या दिवसांसाठी भाड्यानं देण्याचं घर. पायपुसणं फक्त आजींच्या दाराशी होतं, आणि कुंडीही.

ही गोष्ट थोडी मागून सांगावी लागेल. ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सु हेन्रिकेश यानं लिस्बन जिंकलं आणि शहरात उरलेल्या मुसलमानांना, म्हणजे मूरांना, किल्ल्याच्या पायथ्याशी वस्ती करू दिली. मोरारिया हे नाव तिथलं. पुढेही हा भाग गरिबांचाच राहिला. फादो ही पोर्तुगीज गाणी गाणारी मारिया सेवेरा इथल्याच रुआ दु कापेलांव या रस्त्यावर राहायची, १८४६ मध्ये सव्विसाव्या वर्षी गेली. १९४८ मध्ये लिस्बन आणि पोर्तूमधली घरभाडी कायद्यानं गोठवली गेली. मी हे आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "आपल्याकडे पण तेव्हाच की." खरंच. मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा १९४७ चा. आईचं बालपण गिरगावातल्या पागडीच्या दोन खोल्यांत गेलं. भाडं इतकं कमी की मालक छप्पर शाकारायचा नाही, आणि त्याच कमी भाड्यामुळे कुणी खोली सोडायचंही नाही. इथेही तेच झालं. घरं पडकी, माणसं पक्की.

मग २०१२ मध्ये कर्जाच्या संकटात पोर्तुगालनं भाडेकायदा सैल केला. ६५ ओलांडलेल्या भाडेकरूंना काही वर्षं सांभाळून घेतलं, बाकीच्यांचे करार बदलू लागले. २०१४ मध्ये पाहुणेघरांसाठी सोपा कायदा आला. त्याआधी, २०११ मध्ये, महापौर अँतोनियु कॉश्ता यांनी आपलं कार्यालय शेजारच्या बदनाम इन्तेन्देन्त चौकात हलवलं होतं. कॉश्ता म्हणजे मडगावात वाढलेल्या लेखक वडिलांचे चिरंजीव, घरातलं नाव बाबुश, पुढे पंतप्रधान झाले. चौक सुधारला आणि पाठोपाठ आमच्यासारखे आले. २०१८ मध्ये पालिकेनं मोरारियात नवी पाहुणेघरं नोंदवणं थांबवलं, तोवर पुष्कळ जिन्यांवर पाट्या लागल्या होत्या.

वरणाची सोय मात्र जवळच झाली. मार्तिम मोनीश चौकातून निघणाऱ्या रुआ दु बेन्फोर्मोझुवर रांगेनं बांगलादेशी दुकानं आहेत. तूरडाळ, हिंग, कोथिंबीर, कढीपत्तासुद्धा. दुकानदार आईशी हिंदीत बोलला, हिंदी कुठे शिकलात विचारलं तर टीव्हीकडे बोट दाखवलं. आई भाव करू लागली, तेव्हा मी रस्त्यावर येऊन उभी राहिले. डिसेंबर २०२४ मध्ये याच रस्त्यावर पोलिसांनी डझनांनी माणसांना, बहुतेक स्थलांतरितांना, झडतीसाठी भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं, तो फोटो देशभर गाजला. ती भिंत कुठली ते विचारायचं धैर्य मला झालं नाही. पाव किलो मिरच्या आणि एवढा मोठा प्रश्न एकाच दुकानात कसा मागायचा?

आमच्या घरापासून थोडं वर बेकु दाश फारिन्याश नावाचा बोळ आहे. कॅमिला वॉटसन या ब्रिटिश छायाचित्रकर्तीनं तिथल्या म्हाताऱ्या रहिवाशांचे फोटो भिंतींवरच छापलेत. दाराशी उभे, खिडकीत टेकलेले. पर्यटक त्यांचे फोटो काढत होते, मीही काढला. आई प्रत्येकापाशी थांबून बघत होती. "यातले किती आहेत अजून?" तिनं विचारलं. ज्यांना विचारावं असं त्या बोळात कुणी नव्हतं, चाकांच्या बॅगा घेऊन चढणारी दोन मुलं सोडून.

बारा जूनच्या रात्री, सेंट अँथनीच्या सणाला, मात्र सगळा मोरारिया खाली उतरला. बोळाबोळांत शेगड्या, कोळशावर सार्डिन, धूर इतका की वाळत घातलेल्या आमच्या ओढण्यांना पुढे दोन दिवस वास येत होता. या सणात मांझेरिकु विकतात. बारीक पानांचं रोपटं, आपल्या सब्ज्याच्या जातकुळीचं, त्यात कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली. आईनं घेतलं आणि नाक खुपसून वास घेतला. दारात खुर्ची टाकून बसलेल्या आजी घाईनं उठल्या. त्यांनी आईचा तळवा धरून रोपावरून हलकेच फिरवला आणि तिच्याच नाकाशी नेला. नाक लावलं की रोप मरतं, अशी तिथली समजूत. "तुळशीला नख लावू नये, तसं," आई मला म्हणाली आणि आजींशेजारच्या पायरीवर बसली. तासभर दोघी काय बोलल्या, मला माहीत नाही. मला जिन्याखाली दुसरी खुर्ची शोधायला पाठवलं होतं.

निघायच्या दिवशी विमान सकाळचं. साडेचारला आईनं बादली घासून आजींच्या दाराशी ठेवली, आत रोपटं. मी बॅग उतरवायला घेतली तेव्हा तिनं डोळे वटारले. "उचल. चाकं नकोत." दिवा दोनदा विझला. आम्ही दोन्ही बॅगा हातात धरून तिन्ही मजले उतरलो, चावी काळ्या डबीत टाकली, आकडे फिरवले आणि तशाच त्या गुळगुळीत दगडी उतारावरून खाली आलो. चौकात पोचल्यावर आई थांबली. "ठेव आता," म्हणाली, "माझे हात तुटले."