शीनिंग : डोंगराच्या अलीकडे

गुरुवार, रात्री

साडेआठ झाले तरी खिडकीबाहेर उजेड आहे. सगळ्या चीनची घड्याळं बीजिंगच्या वेळेवर चालतात, त्यामुळे जूनच्या अखेरीला इतक्या पश्चिमेकडे रात्र व्हायला फार वेळ लागतो. मला घाई नाही. जिने सावकाश चढायचे, पाणी पीत राहायचं, विरळ हवा अंगवळणी पडू द्यायची, एवढंच सध्याचं काम. छिंगहाय प्रांताची राजधानी शीनिंग २,२७५ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून सहाशे मीटर वर. सह्याद्रीतला आमचा सगळा पराक्रम इथल्या बसस्टॉपच्या खालीच संपतो! पाणी ९२ अंशांच्या आसपास उकळतं. चहा फिका लागला तो त्यामुळे, की मुळातच तसा होता, कोण जाणे.

पुढे आम्ने माचिनची परिक्रमा. अम्दो या ईशान्य तिबेटी प्रदेशातल्या लोकांचा हा पवित्र डोंगर ६,२८२ मीटर उंच आहे. १९४०च्या दशकात तो एव्हरेस्टहून उंच असल्याची आवई उठली होती. आम्हाला शिखराकडे जायचंच नाही, नुसता वळसा घालायचाय, पण वाटेतल्या खिंडी साडेचार हजारांच्या वर आहेत. जोडीदार म्हणतो, इथे कशाला दिवस घालवायचे?

शुक्रवार

दोंगग्वान मशिदीत जुम्म्याची नमाज. पांढऱ्या टोप्यांचा लोंढा रस्त्यापर्यंत. हे बहुतेक हुई, म्हणजे चिनी बोलणारे मुसलमान, थोडे सालार, म्हणजे तुर्की वंशाचे मुसलमानही असतील. मशीद चौदाव्या शतकातली, आताची इमारत मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. नमाजगृहाचं छप्पर चिनी देवळासारखं टोकांना वर वळलेलं, आणि त्यावरचे सोनेरी कलश लाब्रांगच्या बौद्ध मठाकडून भेट आलेले. दर्शनी भागावर हिरवे घुमट होते, ते २०२१ साली उतरवले. मशिदींचं रूप चिनी असावं असं सरकारचं धोरण. आतली जुनी इमारत शंभर वर्षांपासून चिनी घाटाचीच आहे, ती कुणी नीट पाहिली होती का, असं मनात आलं.

तिथून कीडाजडीच्या बाजारात. आजचा दिवस खरा इथे गेला. एका पतंगाची अळी जमिनीखाली असताना बुरशी तिला पोखरते आणि तिच्या डोक्यातून कोंब फुटतो, ती ही कीडाजडी. तिबेटी लोक मे-जूनमध्ये कुरणांवर गुडघे टेकून ती शोधतात. पदपथावर टोपल्या मांडलेल्या, बायका दात घासायच्या ब्रशने एकेका अळीवरची माती झाडत बसलेल्या. विकणारे बरेचसे तिबेटी, घेणारे बहुतेक हुई. भाव कुणी मोठ्याने बोलत नाही. एकाने लांब बाहीत हात घातला, दुसऱ्याने आत हात सरकवून बोटं दाबली. मान हलली, पुन्हा बोटं, पुन्हा मान. आपल्याकडे जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरतात, अगदी तसं! भोवती गर्दी होती, तरी आकडा दोघांतच राहिला.

संग्रहालयांत हुई, तिबेटी, मंगोल आणि 'तू' नावाच्या जमातीचे लोक आपापल्या पोशाखात काचेमागे उभे असतात, जणू कधी एकमेकांना भेटलेच नाहीत. या बाहीत मात्र ते भेटतात. शंभर वर्षांपूर्वी कुरणांवरची लोकर अशीच हुई व्यापाऱ्यांच्या हातून जायची. फुगवलेल्या कातड्यांच्या तराफ्यांवरून पीत नदीने खाली, आणि पुढे पार थ्येनजिन बंदरापर्यंत. वरच्या माणसाला धान्य आणि चहा हवा, खालच्याला लोकर आणि घोडे. शीनिंग वाढलं ते या देवघेवीवर. प्रेमबीम होतं की नाही माहीत नाही, हिशेब नक्की होता. आणि तो नेहमी बाहीत मिटला असंही नाही, या प्रदेशाने हुई-तिबेटी लढायाही पाहिल्यात.

रात्री हुई खानावळीत हाताने ओढलेल्या शेवया. शेजारच्या टेबलावर तिबेटी कुटुंब, आजीच्या हातात जपमाळ, समोर मटणाची परात. शेवटी वाडग्यातलं घट्ट दही, वर पिवळी साय. वाडगा उलटा केला असता तरी पडलं नसतं.

शनिवार

कुंबुम मठ, बसने. तिबेटी बौद्धांच्या गेलुग पंथाचा प्रवर्तक त्सोंगखापा याच ठिकाणी १३५७ साली जन्मला. तिकीट, रांगा, सेल्फीच्या काठ्या. मुख्य मंदिरापुढच्या लाकडी फळ्यांना साष्टांग नमस्कारांनी खोल घळी पडल्यात. लोक लाख नमस्कारांचा नेम धरतात. थंड ठेवलेल्या खोलीत लोण्याची शिल्पं आहेत. ती घडवताना हाताच्या उबेने लोणी वितळू नये म्हणून भिक्खू बोटं बर्फाच्या पाण्यात बुडवत राहतात. आवारातल्या बोधिवृक्षाचं पान हातात घेतलं. पिंपळ नव्हे, लायलॅकच्या जातीचं झाड. इतक्या थंडीत पिंपळ जगणार कसा?

परतीच्या वाटेवर डोकं जरा ठणकलं. उन्हाने असेल.

रविवार

खरेदी. गॅसचे डबे विमानात चालत नाहीत, ते इथेच घ्यावे लागले. औषधाच्या दुकानांत प्राणवायूच्या फवारा-बाटल्या आणि डोंगरी मुळीच्या गोळ्या ढिगाने. जोडीदाराने बाटली उचलली, मी परत ठेवायला लावली. तिच्यातला प्राणवायू काही मिनिटांत संपतो, आणि खरंच त्रास झाला तर खाली उतरण्याला पर्याय नाही.

खरी अडचण पुढची आहे. तीन हजारांच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये म्हणतात. उद्या बस आम्हाला एका दिवसात दावूला, परिक्रमेआधीच्या गावाला नेणार, सुमारे ३,७०० मीटरवर. नियम तिथेच मोडतो. म्हणून दावूला जास्तीचा मुक्काम करायचा, आणि सकाळी कुणाचंही डोकं दुखत असेल तर आणखी एक. तिबेटी वाटाड्याने लगेच मान डोलावली, त्याला खेचरांची व्यवस्थाही लावायची आहे. जोडीदार अजून कॅलेंडर घेऊन वाद घालतोय.