पापण्या गेल्या! बॉबिनमधला '६०' सापडला

दुपट्याच्या पाठीवरच्या पापण्या गेल्या, मंडळी. सगळ्या. (पापण्या म्हणजे मशीनवर कापड हातानं फिरवत क्विल्टिंग करताना, म्हणजे गोधडीसारखे थर नक्षीत शिवताना, पाठीमागे उमटणारे दोऱ्याचे बारीक फास.) काल रात्री नुसत्या वळणांची एक अख्खी पट्टी मारली आणि उलटी करून आईपुढे धरली. तिनं नख फिरवून पाहिलं, कुठे अडकलं नाही. "हं, आता जमतंय." चाळीस वर्षं हातानं गोधड्या शिवलेल्या बाईचं हे सर्टिफिकेट मी लॅमिनेट करून घेणार आहे.

मागचे फोटो पाहिलेल्यांना आठवत असेल. सरळ टीप झकास, पण वळण आलं की पाठीमागे वरच्या दोऱ्याचे बारीक फास एका बाजूला ओळीनं झोपलेले, आणि बॉबिनचा, म्हणजे खालचा, दोरा त्यांच्यामधून ताणून सरळ. टोक धरून ओढला तर हातभर निघून यायचा. म्हणजे टाका बसलाच नव्हता. लहान बाळाची बोटं अडकतील असलं दुपटं भाचीला देणार कसं?

तुम्ही सुचवलेलं सगळं केलं. दाबपट्टी वर ठेवून दोरा नव्यानं ओवला (पट्टी खाली असताना ओवला तर तो ताण धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमध्ये शिरतच नाही). शटलमधला कापूस काढला, तेल दिलं, सुई बदलली. वरचं टेन्शन ४ वरून ५, मग ६. सहावर पापण्या कमी झाल्या आणि दोरा तटातट तुटायला लागला. बॉबिन केसचा स्क्रू सैल केला तर सरळ टीपसुद्धा ढिली. एक दुखणं घालवून दुसरं आणणं चाललं होतं.

निम्मं उत्तर हातांत होतं. असं क्विल्टिंग करताना कापड सरकवणारे दाते खाली पाडतात; ते पाडले की टाक्याची लांबी मशीनच्या ताब्यात राहत नाही, ती हात आणि पेडल मिळून ठरवतात. कंपनीत सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या कटिंगच्या मशीनवर) उभं राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको: स्पिंडलचा वेग तोच ठेवून फीड वाढवला की फिनिशची वाट लागते. वळणावर हात पळतात, सगळ्यांचेच पळतात. सुई अजून कापडात असते आणि कापड पुढे ओढलं जातं. खालचा दोरा मग जवळच्या वाटेनं सरळ जातो आणि वरच्याला आपल्याबरोबर खाली खेचतो. आता मी पेडल जिथे आहे तिथेच ठेवतो आणि वळणाच्या तोंडाशी हात मुद्दाम आवरतो. तोंडानं "हळू, हळू" चालू असतं, घरचे हसतात. हसू देत. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीजवळ सेफ्टीच्या दुकानात रबरी ठिपक्यांचे हातमोजे मिळतात, त्यांनी कापडावर पकड फार छान येते. क्विल्टिंगचे म्हणून विकले जाणारे महागडे मोजे घेऊ नका.

एवढं करूनही घट्ट वळणांवर पापण्या उरल्याच. आता खरी गंमत.

वर ४० नंबरचा चमकदार एम्ब्रॉयडरीचा पॉलिस्टर, खाली ऑनलाइन मागवलेला '६०'. साठ म्हणजे चाळीसपेक्षा बारीक, म्हणजे बॉबिनला उत्तम, असा साधा हिशोब. मालेगावच्या मित्राला रिळाचा फोटो पाठवला. त्याच्या घरचे यंत्रमाग आहेत. त्याचा लगेच फोन: "अरे, लेबलवर कोपऱ्यात बघ, ६०/३ लिहिलंय. साठ काउंटचे तीन पदर आहेत ते." काउंट वाढला की सूत बारीक होतं, पण पदर वाढले की दोरा पुन्हा जाड. ६०/३ आणि ४०/२ जाडीला जवळपास सारखेच, म्हणजे साधा टेलरिंगचा दोरा. क्विल्टिंगवाले म्हणतात ते ६० वेट वेगळं: ६० किलोमीटर दोरा १ किलो भरतो. दोन्हींवर छापलेलं असतं ६०च!

शब्दावर विश्वास ठेवण्यापेक्षा काटा बरा. टेक्स म्हणजे १००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन. सोनारांकडे असतो तसला पॉकेट काटा घेतला आणि १०० मीटर दोरा मोजून ठेवला. जे येईल त्याला १० नं गुणलं की टेक्स. वरचा चमकदार भरला २.७ ग्रॅम, म्हणजे २७. बॉबिनमधला 'बारीक' दोरा भरला २.९! वरच्यापेक्षाही जाड, शिवाय खरखरीत. बॉबिन केसच्या पट्टीखालून तो अडत अडत येणार, खालचं टेन्शन वाढणार आणि वरचा दोरा मागे खेचला जाणार. वर ६ केल्यावर दोरा का तुटत होता तेही कळलं. ११ नंबरच्या सुईच्या नेढ्यातून वरचा दोरा त्या ताणाखाली घासत होता.

मेन रोडच्या बोळांतल्या एका मॅचिंगवाल्याकडे खरा बारीक पॉलिस्टर मिळाला, काट्यावर १.७. केस दोऱ्यानं टांगून हलका झटका दिला की बोटभर घसरून थांबते, इतपत स्क्रू लावला. वर १४ नंबरची सुई, टेन्शन परत ४. झालं काम.

आता धीराबद्दल. नवशिक्यांना उठावदार रंगाचा दोरा घ्या म्हणजे चुका दिसतील, असं सांगतात. टेन्शन तपासायला वर लाल आणि खाली पांढरा हे ठीकच, पण ते चिंधीवर. खऱ्या कामावर मात्र असा दोरा हात आणखी थरथरवतो. मी चमकदार काढून मळकट राखाडी सुती ५० लावला आणि वाकडी वळणं कापडात बुडून गेली. नऊ रंगांच्या तुकड्यांवर राखाडी कुठेच ओरडत नाही. आईचं म्हणणं, "दोरा दिसायला कशाला हवा? गोधडी दिसू दे." हाताच्या क्विल्टिंगचा गुळगुळीत मेणकट दोरा मात्र मशीनला लावू नका, त्याचा थर चकत्यांमध्ये बसतो.

उरलेल्या भागात पिसांची मोठी नक्षी काढायची होती. लिहिता लिहिता बेत बदलतोय. आई गोधडीला कडेपासून आत आत धावदोरा घालते, फेऱ्या मध्यावर संपतात. मशीनवर उलटं, मध्यापासून बाहेर जावं लागतं, नाहीतर ढिलं कापड मधे गोळा होऊन चुण्या पडतात. मग मध्यापासून कडेकडे जाणारी एकच लांब गुंडाळी मारली तर? त्यासाठी वॉकिंग फूट (वरचा थरही खालच्याबरोबर पुढे नेणारी दाबपट्टी) लागेल. माझ्या काळ्या मशीनला बसणारा कोणी वापरलाय का, तेवढं सांगा. पिसं पुढच्या उशीवर.

आणि ज्यांच्याकडे '६०' म्हणून घेतलेली रिळं पडून आहेत त्यांनी १०० मीटरचं वजन करून इथे टाका, दुकानाचं नाव नको, नुसता आकडा. यादी मी करतो.