जेसीबी का पोकलेन?

हा प्रश्न साधारण मार्चमध्ये सुरू होतो. हरभरा निघाला, ज्वारी काढली, रान मोकळं झालं की फोन वाजायला लागतात. पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे, मुलीच्या सासरकडचं कुणी. "तुम्ही वेड्या बाभळीचं रान मोडलं होतं ना? मग आम्ही जेसीबी लावू का पोकलेन?" 2019 साली मी अडीच एकर रान मोडलं आणि फोटो स्टेटसला ठेवले, एवढाच काय तो माझा अधिकार. फोटो मे महिन्यातले होते. ऑगस्टमधले मी ठेवले नाहीत.

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं लिहून काढतो. पुढच्याला हेच पाठवीन.

बाभळी उपटायला पोकलेन. रान सपाट करायला या दोघांपैकी एकही नाही, डोझर आणा नाहीतर ट्रॅक्टरची फळी. हे उत्तर कुणाला आवडत नाही, कारण प्रत्येकाला एकच मशीन आणून सगळं उरकायचं असतं. मलाही तेच हवं होतं. मी जेसीबी आणला.

वेडी बाभूळ कोयत्याने मरत नाही. तिचा जीव जमिनीखाली वीतभर असतो. वरून तोडली की तिथूनच दहा फोक फुटतात. म्हणून गड्डा निघायला पाहिजे. वीस टनी पोकलेन एका जागी उभं राहून खोड दातांत धरतं, उपटतं आणि मुळांची माती तिथल्या तिथे झाडून टाकतं. वजन जास्त असलं तरी ते साखळीवर पसरलेलं असतं, त्यामुळे रान टायरच्या मशीनइतकं दबत नाही. फक्त जागच्या जागी गरगर फिरवू देऊ नका. जेसीबीचं मागचं बकेट लहान. प्रत्येक झाडाला पाय टेकवा, चारी बाजूंनी उकरा, पाय उचला, सरका. मांडीएवढ्या खोडाला माझ्याकडे वीस-वीस मिनिटं गेली, आणि मीटर चालूच. पण पोकलेन ट्रेलरवरून येतं. तुम्ही चार तास चालवा नाहीतर चाळीस, आणण्या-नेण्याचा खर्च तेवढाच. आमच्या पाणंदीत ट्रेलर वळतही नाही. जेसीबी आपल्या पायाने डांबरीवरून येतो. अर्ध्या एकरासाठी पोकलेन बोलावणारा माणूस मला तरी शहाणा वाटत नाही.

(गंमत अशी की जेसीबी ही एका इंग्रज माणसाच्या नावाची आद्याक्षरं आणि पोकलेन हे एका फ्रेंच कंपनीचं नाव. मशीन कुणाचंही असो, आपण त्यांना हीच नावं देऊन टाकलीत.)

आणखी एक चूक सांगतो, ती तुम्हीही करणार. मशीनच्या आधी कोळसेवाले आले. "लाकूड आम्हाला द्या, रान फुकट साफ करून देतो." मला हसू आवरेना, फुकट म्हणजे फुकट. त्यांनी जमिनीलगत खोडं छाटली आणि लाकूड घेऊन गेले. मागे राहिले ते तिरके, भाल्यासारखे खुंट. पहिल्याच दिवशी जेसीबीचं पुढचं टायर बसलं. दुसरी गोष्ट त्याहून महागात पडली. उभ्या झाडाला वरून ढकललं की खोडाचाच पहारेसारखा उपयोग होतो आणि मूळ आपोआप उचकटतं. खोडच नाही म्हटल्यावर मशीन ढकलणार काय? निदान कमरेएवढं खोड ठेवायला सांगायचं होतं. बांधावरच्या चिंचेला मात्र त्यांना हात लावू दिला नाही. चिंच, आंबा, जांभूळ, साग 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. खरं सांगायचं तर कायद्यापेक्षा ती आमच्या वडिलांची, अण्णांची, बसायची जागा होती.

झाडांचं एवढंच. फोनवर मी इथपर्यंतच सांगतो.

आमचं रान उताराचं. मधोमध दगडाची ताल, म्हणजे माती अडवणारा बांध, होती. अण्णा बहात्तरच्या दुष्काळात बंडिंगच्या कामावर होते. तिथे जे पाहिलं ते त्यांनी नंतर घरच्या रानात केलं. तालीच्या खाली काळी माती हातभर, वर जेमतेम वीतभर, आणि तिच्याखाली पिवळा मुरूम. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या रानात मी लहानपणापासून नांगर धरलाय.

नऊ दिवसांत बाभळी निघाल्या. दहाव्या दिवशी मशीनमालकाचा फोन आला, उद्या दुसरीकडे बोली झालीय, आजच आटपा. ऑपरेटर झारखंडचा, बावीस-तेवीस वर्षांचं पोरगं, हात गोड. मी त्याला म्हणालो, ताल काढून टाक, वरचं खाली ओढ, एकच पट्टा कर. अण्णा चिंचेखालून उठून आले. म्हणाले, "आधी वरची काळी एका कडेला ढीग मार. मग मुरूम हलव. मग काळी परत पसर."

पोराने मान हलवली. "डबल टाइम लगेगा, मालक."

तासाला 900 रुपये होते. वीस तास जास्त म्हणजे अठरा हजार. तोवर सोसायटीचे पैसे संपून मी मेहुण्याकडून घेतले होते. मी अण्णांना म्हणालो, "जेवढ्यास तेवढंच करू." ते काही बोलले नाहीत. परत जाऊन चिंचेखाली बसले.

सकाळभर काळी माती खाली सरकत होती. पुढच्या बकेटातून ती ओतली जाताना पाहायला इतकं बरं वाटत होतं की मी जेवायलाही घरी गेलो नाही. चारच्या सुमाराला रंग बदलला. बकेटाच्या ओठावर आधी पिवळी रेघ, मग सगळंच पिवळं. घरात मी आजवर सांगत आलोय की उन्हात डोळे दिपले होते, लक्षात आलं नाही. लक्षात आलं होतं. ऑपरेटरची नजर मालकाच्या हातावर असते. नुसता हात वर केला असता तरी मशीन थांबलं असतं. मी तो वर केला नाही. रान सपाट होत होतं. आमच्या शिवारात एवढं सपाट रान कुणाचं नव्हतं. अंधार पडल्यावर हेडलाइट लावून त्याने शेवटचे हात मारले आणि वरचा मुरूम खालच्या काळ्यावर नेऊन पसरला. सकाळी सूर्य उगवताना मी फोटो काढला. तोच तो, तुम्ही सगळ्यांनी अंगठे दिलेला.

ऑगस्टमध्ये वरच्या एकरातलं सोयाबीन बोटभर उंचीवर पिवळं पडलं. खालच्या रानातही पट्टे पडले. जिथे मुरूम जाड तिथे काही नाही, जिथे पातळ तिथे मुळं जुन्या काळ्यापर्यंत पोचलेली. वरच्या एकराला दीड क्विंटल झालं. चुलत्याला बांधापलीकडे आठ.

मग मी ब्रासचा हिशेब केला, जो आधी करायला हवा होता. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. एकराचे 43,560 चौरस फूट. त्यावर अर्धा फूट माती म्हणजे 218 ब्रास, म्हणजे ट्रॅक्टरच्या साधारण तितक्याच ट्रॉल्या. जेसीबीने ती एका दिवसात गाडली होती. तीही अशा वर्षी, की 2019 च्या उन्हाळ्यात तलाव कोरडे होते, गाळमुक्त धरण योजनेत लोक गाळासाठी रांगा लावत होते, आणि मी घरची काळी मुरमाखाली घालत होतो. पुढची काही वर्षं पाऊस चांगला झाला, तलाव भरले, गाळ मिळेना. 2024 च्या उन्हाळ्यात पुन्हा तलाव आटला तेव्हा 140 ट्रॉल्या टाकल्या. गाळ फुकट, वाहतूक नाही. अठरा हजारांच्या दुपटीहून जास्त गेले आणि जूनच्या पावसाने बाकीचं काम थांबवलं.

अण्णा "मी म्हणालो होतो" असं एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला भांडता तरी आलं असतं. त्यांनी धनगराला गाठून वरच्या एकरात तीन रात्री मेंढ्या बसवल्या. खत चांगलं मिळालं. मेंढ्यांनी वाटेत कुठेतरी वेड्या बाभळीच्या शेंगा खाल्ल्या होत्या, त्यामुळे पुढच्या पावसाळ्यात वरच्या एकरात ओळीने बाभळीची रोपं उगवली. मुरमात दुसरं काही येत नव्हतं, ती मात्र तरारून आली. अण्णा खूप दिवसांनी हसले.

तरी मी पूर्ण चुकलो असं मला कुणी म्हणू नये. ताल होती तेव्हा हार्वेस्टर आत येत नव्हता. आता पेरणी एका दमात होते, खालच्या दीड एकराला तुषार नीट बसतात. नाहीतर मजूर आणणार होतात कुठून? ते 2019 मधले गृहस्थ, म्हणजे तेव्हाचा मीच, आज समोर आले तर म्हणतील, "अठरा हजार कुठून आणणार होतास? मेहुण्याला अजून किती मागणार होतास?" मी म्हणेन, वरचा एकर तसाच ठेवायचा, दरवर्षी केणीने, म्हणजे बैलांच्या माती ओढायच्या अवजाराने, थोडं थोडं ओढायचं. ते म्हणतील, बैल कुठायत? यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी म्हणेन, निदान हात वर करायचा. त्यावर त्यांच्याकडे नाही.

गेल्या आठवड्यात चुलत्याच्या नातवाचा फोन आला. ओढ्याकडचं दोन एकर मोडायचंय, मशीन रविवारी येतंय. मी सांगितलं, पोरा, आधी पहार घे. दर पन्नास पावलांवर खड्डा काढ, काळी किती खोल आहे ते पाहा, कागदावर लिही. जिथे वीतभरच आहे तिथे उताराला हात लावू नको, आणि लावायचाच असला तर काळी आधी बाजूला काढायचे तास बोलीतच धर. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"ते करतो काका. पण जेसीबी का पोकलेन?"

पोकलेन, म्हणालो. ते झारखंडचं पोरगं आता पोकलेन चालवतं. त्याचा नंबर दिला.