डोम पोर्टमागची क्लोज-अप लेन्स: +४ वरून +२ कडे

मागच्या नोंदीतील अडचण अखेर सुटली. माझी जुनी वाइड-अँगल लेन्स सेन्सरपासून ४५ सेंटिमीटरच्या अलीकडे फोकस करू शकत नाही, आणि १० सेंटिमीटर त्रिज्येच्या डोममागे (पाण्याखाली कॅमेरा ठेवायच्या जलरोधक पेटीच्या अर्धगोल पारदर्शक खिडकीमागे) ती बसवली की हाताच्या अंतरावरचे प्रवाळ धूसर येत असत.

बाहेर पाणी आणि आत हवा असल्यामुळे डोम अंतर्वक्र भिंगासारखा वागतो, आणि कॅमेऱ्याला प्रत्यक्ष वस्तूऐवजी डोमपुढे जवळच पडणाऱ्या तिच्या आभासी प्रतिमेवर फोकस करावा लागतो. पातळ डोमच्या बाबतीत अतिदूरच्या वस्तूची प्रतिमा पृष्ठभागापासून त्रिज्येच्या सुमारे तिप्पट अंतरावर, म्हणजे माझ्याकडे ३० सेंटिमीटरवर पडते. एक मीटरवरच्या माशाची २१ सेंटिमीटरवर आणि ३० सेंटिमीटरवरच्या माशाची जेमतेम १३ सेंटिमीटरवर. माझ्या लेन्सचा फोकस मात्र डोमपुढे २४ सेंटिमीटरच्या अलीकडे येतच नव्हता, आणि पाण्यातील हिशेबाने ते अंतर १६० सेंटिमीटर भरते.

आधी मी +४ डायऑप्टर शक्तीची क्लोज-अप लेन्स, म्हणजे मूळ लेन्सपुढे लावायचे जवळच्या फोकसचे जोडभिंग, लावून पाहिली. जवळची छायाचित्रे सुरेख आली, पण जलतरण तलावाची पलीकडची भिंत लेन्सचे छिद्र एफ/८ इतके लहान करूनही मऊच (धूसर) राहिली. +४ लावल्यावर लेन्स अनंतावर ठेवली तरी फोकस क्लोज-अप लेन्सपुढे २५ सेंटिमीटरवर थांबतो. क्लोज-अप लेन्स आणि डोमचा पृष्ठभाग यांतील ६ सेंटिमीटर वजा केले की पाण्यातली दूरची मर्यादा सुमारे ७० सेंटिमीटर निघते. +२ लावल्यावर मात्र ३० सेंटिमीटरपासून अतिदूरपर्यंतचे सारे आवाक्यात आले. म्हणून गरज भागवणारी सर्वांत सौम्य क्लोज-अप लेन्स निवडावी, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

हे तपासण्यासाठी प्रत्येक वेळी पाण्यात उतरण्याची गरज नाही: कोरड्या हवेत डोमपुढे ३० आणि १३ सेंटिमीटरवर छापील कागद धरावा, आणि दोन्हींवर फोकस बसला तर पाण्यातही बसेल.

कोपऱ्यांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. आभासी प्रतिमा वक्र असल्याने कडा आधीच मऊ असतात, त्यात एकाच काचेची क्लोज-अप लेन्स आणखी भर घालते. छिद्र आणखी लहान करून एफ/११ वर नेले की फरक बराच कमी होतो, तरी पुढच्या खेपेस दोन काचा जोडलेली अॅक्रोमॅटिक (रंगदोष कमी करणारी) +२ वापरून पाहणार आहे. तिची कडी जाड असते, त्यामुळे कोपरे काळे पडतात का, हेही पाहावे लागेल.

अर्धे पाण्यावर आणि अर्धे पाण्याखाली असे छायाचित्र घ्यायचे असेल, तर क्लोज-अप लेन्स काढूनच ठेवावी. पाण्यावरचा डोंगर हवेतून खऱ्या अंतरावरच दिसतो, आणि +२ लावलेल्या लेन्सचा फोकस अर्ध्या मीटरपलीकडे जात नाही.